टेक्ट्रॉनिक्स ४६५: घेताना काय तपासावं आणि कोणते कपॅसिटर बदलावेत

टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा १९७२ साली बाजारात आलेला दोन चॅनेलचा, १०० मेगाहर्ट्झचा अॅनालॉग ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र. कॉलेजच्या लॅबचा लिलाव, कारखान्यातून निघालेलं सामान, परदेशातून आलेला सेकंडहँड माल अशा ठिकाणी तो अजूनही मिळतो. विकणारा बहुतेक वेळा एवढंच सांगतो, ‘कपॅसिटर वीक आहेत, बदलले की चालू होईल.’ हे पुष्कळदा खरंही असतं. पण कपॅसिटर हा या यंत्राचा सगळ्यात स्वस्त आजार आहे. महाग आजार असतात ते सीआरटीचे (पडद्याच्या काचेच्या नळीचे), हाय व्होल्टेज मल्टिप्लायरचे (त्या नळीला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या भागाचे) आणि फिरत्या स्विचांचे. त्यामुळे स्कोप निवडताना पडदा आणि स्विच पाहावेत, आणि कपॅसिटर नंतर मोजून बदलावेत. दिसेल तो कपॅसिटर उपटून नवा बसवण्याची पद्धत ४६५ला मुळीच मानवत नाही.

आधी यंत्राबद्दल. पडद्यावरच्या दर चौकटीला ५ मिलिव्होल्टपासून ५ व्होल्टपर्यंत संवेदनशीलता, टाइमबेस (एक आडवी चौकट ओलांडायला लागणारा वेळ) अर्ध्या सेकंदापासून ०.०५ मायक्रोसेकंदापर्यंत, आणि दहापट मॅग्निफायर ओढला की ५ नॅनोसेकंद. राइज टाइम (सिग्नलची चढण दाखवायला लागणारा कमीत कमी वेळ) ३.५ नॅनोसेकंद. इनपुट १ मेगओहम आणि २० पिकोफॅरड. दुसरा, उशिराने सुरू होणारा स्वीप (ठिपक्याचा डावीकडून उजवीकडचा फेरा) आहे, त्यामुळे लांब पल्सच्या माळेतला हवा तो तुकडा मोठा करून पाहता येतो. पडदा ८ बाय १० चौकटींचा, आणि रेघा काचेच्या आतल्या बाजूलाच असल्याने डोकं हलवलं तरी मोजमाप सरकत नाही. वजन दहा-अकरा किलो.

आजच्या डिजिटल स्कोपशी तुलना टाळता येत नाही. रायगोलचा डीएस१०५४झेड घेतला तर बँडविड्थ ५० मेगाहर्ट्झ मिळते, पण चॅनेल चार, मेमरी आणि एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणं) हेसुद्धा मिळतं. एकदाच येणारी पल्स पकडायची असेल, सिरियल डेटा पाहायचा असेल, तर ४६५ कामाचा नाही आणि दुरुस्त करूनही होणार नाही. पण ऑडिओ अॅम्प्लिफायर, आरएफ, रेडिओ, पॉवर सप्लायचा गोंगाट ही कामं रोजची असतील तर तो आजही उत्तम आहे. त्यात सॅम्पलिंगच नाही, त्यामुळे खोटी फ्रिक्वेन्सी दिसण्याचा प्रश्न येत नाही. एक्स-वाय मोड खराखुरा आहे. ट्रेसच्या (पडद्यावर उमटणाऱ्या रेघेच्या) उजेडावरूनच कळतं की सिग्नल कुठे जास्त वेळ राहतो आणि कुठे क्षणभर उडी मारतो.

दुरुस्तीच्या बाजूने ४६५चं मोठं पुण्य म्हणजे त्याचा साधा लिनियर पॉवर सप्लाय. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, मोठे फिल्टर कपॅसिटर, त्यापुढे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर. रेल, म्हणजे सर्किटला वीज पुरवणाऱ्या ठरावीक व्होल्टेजच्या लाइनी, पाच: +११०, +५५, +१५, +५ आणि –८ व्होल्ट. याच घराण्यातला नंतरचा २४६५ स्विच-मोड सप्लायवर चालतो. त्यात मेन्सवर बसवलेले रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर तडकून धूर काढतात, आणि २४६५बीच्या काही तुकड्यांत बोर्डाच्या सपाटीवर सोल्डर केलेल्या (एसएमडी) छोट्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधून गळलेलं द्रव बोर्डाचं तांबं खातं. ४६५मध्ये या दोन्ही कटकटी नाहीत. पहिल्यांदाच जुना स्कोप हातात घेणाऱ्यासाठी दोघांत ४६५च बरा. मात्र ४६५, ४६५बी आणि ४६५एम ही तीन वेगळी यंत्रं आहेत. एकाची पार्ट लिस्ट दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि साध्या ४६५मध्येही सिरियल नंबरप्रमाणे बदल आहेत. सर्व्हिस मॅन्युअल उतरवताना मागच्या पट्टीवरचा नंबर समोर ठेवावा.

घेताना पाहायच्या गोष्टी. चालू करून पाच मिनिटं थांबा आणि ट्रेस बारीक, धारदार होतो का पाहा. मग मॅग्निफायर ओढून टाइमबेस शेवटच्या टोकाला न्या. तिथेही ट्रेस दिसला तर सीआरटीत दम आहे. खोलीत अंधार केल्याशिवाय दिसत नसेल, किंवा मध्यभागी तपकिरी डाग जळलेला असेल, तर किंमत काहीही असो, फक्त सुट्या भागांसाठी घ्या. ट्रेस अजिबात नसेल तर ‘बीम फाइंड’चं बटण दाबा. दाबल्यावर पडद्याच्या मध्याकडे आखडलेला ठिपका किंवा रेघ दिसली तर सीआरटी आणि हाय व्होल्टेज जिवंत आहे, दोष डिफ्लेक्शनमध्ये (ठिपका हलवणाऱ्या सर्किटमध्ये) किंवा एखाद्या रेलमध्ये आहे. हे चांगलं लक्षण, कारण बऱ्याचदा तो कपॅसिटरचाच दोष निघतो. त्यानंतर प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा. व्होल्ट आणि टाइमचे स्विच हे ड्रमवरच्या कंगोऱ्यांनी बोर्डावरच्या सोनेरी पत्त्या दाबणारे आहेत. पत्ती वाकली, तुटली तर ती मिळवणं कपॅसिटर मिळवण्याइतकं सोपं नाही.

अमेरिकेतून आलेला पीस असेल तर प्लग लावण्याआधी मागचा ११५/२३० निवडक आणि फ्यूज तपासा. त्याच्याच जोडीला लो, मीडियम, हाय असा रेंजचा निवडक असतो. आपल्याकडे रात्री मेन्स २४०च्या वर जातो, तिथे हाय ठेवावा. कमी रेंजवर ठेवला तर रेग्युलेटरचे ट्रान्झिस्टर उगाच तापतात आणि फिल्टर कपॅसिटरवरही जास्त व्होल्टेज बसतं. आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिकडे मेन्स ६० हर्ट्झ आहे, इकडे ५०. पूर्ण लहर रेक्टिफाय केल्यावर दोन शिखरांत तिकडे ८.३ मिलिसेकंदांचं अंतर असतं, इकडे १०. तेवढाच जास्त वेळ कपॅसिटरला एकट्याने लोड ओढावा लागतो, म्हणजे रिपल (डीसीवर उरलेली मेन्सची लाट) साधारण वीस टक्के जास्त. तिकडे कसाबसा तग धरलेला थकलेला कपॅसिटर इथे आल्यावर उघडा पडतो.

उघडण्यापूर्वी सुरक्षिततेचं. सीआरटीच्या कॅथोडवर सुमारे –२४५० व्होल्ट असतात आणि अॅनोडची तार त्याहून कितीतरी वर, हजारोंमध्ये. साधा मल्टिमीटर किंवा नेहमीचा १०एक्स प्रोब तिथे लावायचा नाही, त्यासाठी हाय व्होल्टेज प्रोब लागतो. तो नसेल तर तो भाग झाकलेलाच राहू द्या, कपॅसिटरच्या कामाला तिथे जावं लागत नाही. बंद केल्यावर फिल्टर कपॅसिटरचे मोठे डबे २.२ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, त्याने ट्रॅक जळतो आणि कधी कधी रेग्युलेटरही जातो. वीज चालू असताना एक हात खिशात.

आता तपासणी. वीज बंद ठेवून पाचही रेलचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजा. टेस्ट पॉइंटवर रेलची नावं छापलेली आहेत. चांगल्या स्कोपमध्ये काही दहा ओहमपासून काही किलोओहमपर्यंत वाचन येतं. पाच आणि आठ व्होल्टच्या रेल मुळातच कमी दाखवतात, त्यांना घाबरू नका. एक-दोन ओहम आले तर मात्र शॉर्ट आहे, आणि संशयित नंबर एक म्हणजे त्या रेलवरचा टँटलम कपॅसिटर.

मग सिरीज लॅम्पमधून, म्हणजे मेन्सच्या वाटेत जोडलेल्या बल्बमधून, वीज द्या. स्कोप साधारण ७५ वॅटचा आहे, १०० वॅटचा बल्ब योग्य. क्षणभर उजळून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर ठीक. प्रखर राहिला तर लगेच बंद. पण बल्ब मंद झाला म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. रेग्युलेटरना करंट लिमिट आहे, त्यामुळे टँटलम पूर्ण शॉर्ट असला तरी रेल शून्यावर बसते आणि बल्ब शांत राहतो. बल्ब मधे असताना रेल पूर्ण चढतही नाहीत, म्हणून खात्री पटल्यावर तो काढून सरळ मेन्सवर मोजायचं. डिमरस्टॅटने (कमी-जास्त करता येणाऱ्या मेन्स ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवण्याची पद्धत लिनियर सप्लायला चालते. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या इलेक्ट्रोलायटिकची गळती त्याने कमी होते, पण सुकलेला कपॅसिटर त्याने पुन्हा भरत नाही.

पहिलं मोजमाप +५५चं. बाकीच्या रेल तिचाच आधार घेतात. ती सरकली तर सगळ्याच चुकीच्या दिसतात आणि माणूस नको तिथे शोधत बसतो. +५५ जागेवर आली की +१५, +५ आणि –८ दीड टक्क्याच्या आसपास आत हव्यात. त्यानंतर मीटर एसीवर करून प्रत्येक रेलवरचा रिपल पाहा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसला तर त्या रेलमागचा फिल्टर कपॅसिटर तपासायला घ्या. दुसरा स्कोप हाताशी नसेल तर हाच स्कोप कामाला येतो. इनपुट ग्राउंडवर, ट्रिगर सोर्स ‘लाइन’वर, टाइमबेस ५ मिलिसेकंदांवर. सरळ रेघेऐवजी स्थिर उभी राहिलेली लाट दिसली, तर ती मेन्सचीच आहे. शंभर हर्ट्झची असेल तर फिल्टर वीक. पन्नासची असेल तर रेक्टिफायरचा एखादा डायोड ओपन, नाहीतर चुंबकीय कारण.

फिल्टरचे मोठे डबे पाच, दर रेलमागे एक. बाहेरून फुगलेला किंवा गळलेला डबा क्वचित दिसतो. बहुधा दिसायला ते छान असतात आणि आत ईएसआर (कपॅसिटरचा स्वतःचा अंतर्गत रेझिस्टन्स) वाढलेला असतो. काही हजार मायक्रोफॅरडच्या निरोगी डब्याचा ईएसआर ०.०५ ओहमच्या आसपास किंवा खाली असतो. ०.३च्या वर गेला की बदला. पाचांपैकी दोन वीक निघाले तर पाचही बदलावेत, कारण सगळ्यांचं वय एक आणि उष्णता एक. पाचही चांगले मोजले गेले तर मात्र हात लावू नका. या बोर्डाचे पॅड जुने आहेत आणि प्रत्येक उपटाउपटीत थोडा धोका असतोच.

नवा घेताना व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर, तापमान १०५ अंश, आणि रिपल करंट जुन्याइतका किंवा जास्त. मायक्रोफॅरड जुन्यापेक्षा वीस-तीस टक्के जास्त चालतात. ‘मोठा बसवू म्हणजे रिपल जाईल’ म्हणून दुप्पट-तिप्पट मायक्रोफॅरड बसवणं चूक आहे. चार्जिंगचे झटके अरुंद आणि उंच होतात, डायोड व ट्रान्सफॉर्मर तापतो. निचिकॉन, पॅनासोनिक, रुबिकॉन, केमिकॉन यांपैकी कोणताही चालेल. लॅमिंग्टन रोड किंवा बुधवार पेठेत घेणार असाल तर दुकानातच मीटर लावून मायक्रोफॅरड आणि ईएसआर दोन्ही पाहून घ्या. जुन्या मालावर नवीन वेष्टण चढवलेले डबे मिळतात, ते मायक्रोफॅरड बरोबर दाखवतात आणि ईएसआरमध्ये पकडले जातात. एलिमेंट१४, माउसर अशा अधिकृत विक्रेत्यांकडून मागवणं थोडं महाग पडतं, पण या कामात ते वसूल होतं.

डबा बदलताना होणारी सगळ्यात मोठी चूक पायांची. जुन्या डब्याला निगेटिव्हचे एकाहून जास्त पाय असतात आणि ते डब्याच्या धातूतूनच एकमेकांना जोडलेले असतात. बोर्ड आखणाऱ्याने याचा फायदा घेऊन ग्राउंडचे वेगवेगळे ट्रॅक या पायांमार्फत जोडले आहेत. आजच्या स्नॅप-इन कपॅसिटरला पाय दोनच. तो बसवला की एखादा ग्राउंडचा ट्रॅक लोंबकळत राहतो. मग रेल बरोबर, रिपल मात्र आधीपेक्षा जास्त, किंवा ट्रेस हलतो, आणि दोष नव्या कपॅसिटरला दिला जातो. म्हणून जुना डबा काढण्यापूर्वी बोर्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. काढल्यावर सगळ्या निगेटिव्ह भोकांमध्ये मीटरने कंटिन्यूइटी पाहा आणि जी भोकं सुटी पडली आहेत ती जाड टिन्ड तांब्याच्या तारेने एकत्र जोडा. साधी पातळ जंपर वायर इथे नको. पट्टीइतकी जाड तार हवी, कारण चार्जिंगचा झटका याच वाटेने जातो.

सोल्डर काढण्याची रीत: आधी प्रत्येक पायावर थोडं ताजं ६०/४० सोल्डर घाला, मग ३५० अंशांवर पंपाने ओढा. जुनं सोल्डर एकट्याने नीट वितळत नाही, माणूस जास्त वेळ आयर्न टेकवतो आणि पॅड उचलतो. पाय सुटला की नाही हे डबा हलवून नव्हे, पाय सुईने भोकात हलवून ठरवा. हट्टी डबा असेल तर वरून कापून प्रत्येक पाय वेगळा काढा. कपॅसिटर टाकायचाच आहे, बोर्ड वाचवायचा आहे.

आता टँटलम. ४६५ बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. थेंबाच्या आकाराचे, रेलच्या फाट्याफाट्यावर विखुरलेले. इलेक्ट्रोलायटिक सुकून हळूहळू वीक होतो, तर टँटलम एका दिवशी एकदम शॉर्ट होतो. कधी तडकून जळतो, पण करंट लिमिट असलेल्या रेलवर तो बाहेरून जसाच्या तसा राहतो. त्यामुळे नजरेने शोधू नका. बेंच सप्लाय १ व्होल्ट, अर्धा अॅम्पिअर लिमिटवर ठेवून, वीज बंद असलेल्या स्कोपच्या शॉर्ट रेलला योग्य पोलॅरिटीने जोडा. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या रेलच्या ट्रॅकवर पुढे पुढे जात मोजा. करंट जिथे उतरतो तिथपर्यंत वाचन कमी होत जातं आणि त्यापुढे स्थिर राहतं. तिथलाच टँटलम गेलेला. एक पाय उचला आणि रेल पुन्हा मोजा. एकेक टँटलम कापत सुटण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम आहे.

एक शॉर्ट निघाला तर त्याच रेलवरचे बाकीचे बदलावेत का? व्होल्टेजला मार्जिन नसेल तर बदलावेत. +१५च्या रेलवर २० व्होल्टचा थेंब दिसला तर तो राहू देऊ नका. ३५ व्होल्टचा नवा टँटलम किंवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ३५ व्होल्टचा चांगला इलेक्ट्रोलायटिक घाला. इथे एक सापळा आहे. टँटलमवर खूण पॉझिटिव्ह पायाची असते, इलेक्ट्रोलायटिकवर पट्टी निगेटिव्ह पायाची. दोन्ही हातात असताना घाईत खुणेला खूण जुळवली की कपॅसिटर उलटा बसतो. शिवाय –८च्या रेलवर पॉझिटिव्ह पाय ग्राउंडला जातो. सोल्डर करण्याआधी मीटरने ग्राउंड शोधून बोर्डावर पेन्सिलने खूण करा. छापील खुणेवर एकट्या विसंबू नका.

ज्यांना हात लावायचा नाही ते: टाइमबेसचे टायमिंग कपॅसिटर, मायका, फिल्म, सिरॅमिक. हे म्हातारे होत नाहीत. टायमिंगचे कपॅसिटर तर निवडून जुळवलेले आहेत. ‘सगळेच नवे’ या उत्साहात ते बदलले की स्वीपचा वेग दर रेंजला वेगळा चुकतो आणि मूळ माल परत मिळत नाही. तसंच अंतर्गत प्रीसेट (जुळवणीचे छोटे स्क्रू) फिरवू नका. रेल बरोबर नसताना केलेलं कॅलिब्रेशन रेल बरोबर झाल्यावर बिघडतं.

स्विच आणि सॉकेट यांचं काम याच वेळी उरकावं. अनेक ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये आहेत. पाय काळवंडल्याने येणारा खेळखंडोबा कपॅसिटरच्या दोषासारखाच दिसतो: ट्रेस उडी मारतो, एक चॅनेल येतं-जातं. एकेक ट्रान्झिस्टर उचलून तिथेच परत बसवा, अदलाबदल करू नका. ड्रम स्विचच्या पत्त्यांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी पत्तीखाली सरकवून हळूच ओढा. तेलकट कॉन्टॅक्ट स्प्रे इथे मारू नका. तो धूळ धरतो आणि अॅटेन्युएटरमध्ये गळती निर्माण करतो.

शेवटची तपासणी कव्हर बसवून, वीस मिनिटं तापवून. रेल पुन्हा मोजा, कारण गार असताना बरोबर आणि गरम झाल्यावर सरकलेली रेल हा वेगळा दोष आहे. पुढच्या कॅलिब्रेटरवर ३०० मिलिव्होल्टची, १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर असते. ती दोन्ही चॅनेलवर तेवढीच उंच दिसायला हवी. टाइमबेससाठी मात्र या लहरीवर अवलंबून राहू नका, तिची फ्रिक्वेन्सी तेवढी काटेकोर नाही. १ मेगाहर्ट्झचा साधा क्रिस्टल ऑसिलेटर लावा. १ मायक्रोसेकंदाच्या रेंजवर दर चौकटीला एक आवर्तन पडतं, आणि दहाव्या चौकटीपर्यंत किती सरकलं ते थेट टक्क्यांत वाचता येतं. दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर प्रीसेटना हात न लावता प्रोब कॉम्पेन्सेट करा (चौकोनी लहरीचे कोपरे काटकोनी दिसतील असा जुळवा) आणि मागच्या पायांचे स्क्रू घट्ट करा.